दुपारची बांग

रिक्षातून बर्फाची लादी उतरवताना लालसाबचे हात सुटले आणि लादी गल्लीतल्या फरशीवर पडून दुभंगली. हिंदुरावनं गोणपाटाचं टोक सोडून कपाळावर हात मारला. मग त्यानं मोठा तुकडा उचलला आणि घराकडं चालू लागला. लालसाब खाली बसून लहान तुकडे गोळा करत राहिला. फेब्रुवारी महिना होता, पण सोलापूरच्या उन्हाला महिन्याशी काय देणंघेणं. तुकडे बोटांतून पाझरायला लागले होते.

आतल्या खोलीत कमरबी पांढऱ्या चादरीखाली होती. पहाटे नमाजाला उठली, पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि भिंतीला टेकून बसली ती बसलीच. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटपलं होतं. एरवी एव्हाना आंघोळ, कफन उरकलं असतं आणि दुपारच्या नमाजाबरोबर जनाजा निघाला असता. मय्यत घरात फार वेळ ठेवू नये, असंच सगळे मानतात. पण लालसाबनं सगळ्यांना थांबवून धरलं होतं. मशिदीचे मौलाना येऊन दबक्या आवाजात बोलून गेले, भावकीतल्या दोघा-चौघांनी आडून सुचवलं, तरी तो एकच म्हणत होता, "गौस येतोय."

गौस त्याचा एकुलता मुलगा. अमेरिकेत ओक्लाहोमा म्हणून भाग आहे, तिथं नोकरीला. त्याला पोचायला दोन दिवस लागणार, म्हणून हा बर्फ.

"सोलापुरात बरफ इकत आणायचा," तुकडे परातीत रचताना हिंदुराव पुटपुटला, "आन् तिकडं रस्त्यावर सांडलाय म्हनं."

हे थट्टेनं बोललेलं नव्हतं. हिंदुरावला दुःखातही काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही, एवढंच. लालसाब एसटीत ड्रायव्हर होता तेव्हा हिंदुराव त्याच्या गाडीवर कंडक्टर. सोलापूर ते बार्शी, वैरागमार्गे, निम्मं आयुष्य दोघांनी एकाच इंजिनाच्या आवाजात काढलेलं. निवृत्तीनंतरही हिंदुराव रोज सकाळी विजापूर वेशीतल्या या गल्लीत यायचा, कमरबीच्या हातचा चहा प्यायचा आणि साखर कमी पडली म्हणून कुरकुर करायचा. आज त्याला कुणी चहा विचारला नव्हता आणि तो भिंतीकडं तोंड करून बर्फ रचत होता.

सकाळी गडबड झाली ती गुलनाजकडून. गुलनाज ही लालसाबची मुलगी, गावातच दिलेली. आई गेल्याचं कळताच ती धावत आली आणि आईच्या पायाशी बसून पहिला फोन भावाला लावला. तिचं तरी काय चुकलं? आई गेल्यावर भावाला नाही सांगायचं तर कुणाला? गौसनं ऐकून घेतलं, "मी निघालो" म्हणाला आणि गाडीत बसला. तिकडं तेव्हा रात्र पडत होती. बर्फाच्या वादळानं त्याच्या घरात वीज नव्हती. बायको आणि चार वर्षांची आयत पांघरुणांत गुरफटून बसलेली. जवळचा विमानतळ बंद. ह्यूस्टन नावाच्या शहरातून सकाळी एक विमान सुटेल अशी आशा होती आणि ते शहर होतं रात्रभराच्या वाटेवर.

गुलनाजचा नवरा शाकीर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करतो. त्यानं मोबाइलवर नकाशा काढून सासऱ्यापुढं धरला.

"हे सगळं एकच वादळ हाय, अब्बा. हितं वर बर्फ पडतोय. मधल्या पट्ट्यात पाऊस पडतोय, पण पडला की रस्त्यावर गोठतोय. आणि हितं खाली, ह्यूस्टनकडं, विजा आणि वारं."

"गौस कुटं हाय?"

शाकीरनं मधल्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

लालसाब त्या बोटाकडं बघत राहिला. चिखलातून गाडी कशी काढायची ते त्याला ठाऊक होतं. एकदा ऐन मार्चात वैरागच्या पुढं गारा झाल्या होत्या, तेव्हा गारांवरून त्यानं भरलेली गाडी आणली होती. पण रस्त्यावर काच अंथरली तर ब्रेक लावून काय होतं, हे त्याला माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं गौसचाच फोन आला. गुलनाजनं स्पीकर चालू केला.

"अब्बा, मी हळू चालवतोय. काळजी करू नका," गौस म्हणाला. आईशी तो दखनी उर्दूत बोलायचा आणि बापाशी मराठीत, लहानपणापासून. "बाजूला ट्रक आडवे पडलेत. पण वाट आहे."

"भाई, माघारी जा," गुलनाज म्हणाली. "आयत लहान हाय. असं नको करू."

"अम्मी जमिनीवर हाय तवर मी माघारी फिरणार न्हाय." रडू दाबताना त्याच्या तोंडची शहरी मराठी गळून पडली होती. "तिला कबरीत मीच उतरवणार. अब्बा, तुमी थांबा, एवढंच करा. मी..."

वाक्य तिथंच तुटलं. फोनमधून घासल्यासारखा एक लांब आवाज आला, मग काहीच नाही. खोलीत बाया चिंचोक्यांवर कलमा मोजत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. लालसाबला आपला उजवा पाय फरशीवर दाबला गेल्याचं जाणवलं. ब्रेक दाबतात तसा.

"काही न्हाय," गौसचा आवाज आला. दम लागला होता. "गाडी फिरली. नुसती गोल फिरली, कुटं धडकली न्हाय. निघतो मी."

फोन बंद झाला.

लालसाब उठून बाहेर आला आणि दारापुढच्या कट्ट्यावर बसला. हिंदुराव त्याच्या शेजारी येऊन टेकला. बर्फानं त्याचे हात लाल झाले होते, ते तो धोतराला पुसत होता.

"हिंदुराव, माझा बाप गेला तवा तुला कुटं कळलं?"

हिंदुरावनं त्याच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत हा विषय दोघांनी कधी काढला नव्हता.

"वैरागला, बार्शीकडं जाताना," तो म्हणाला. "कंट्रोलरनं केबिनमधी बोलावून सांगितलं."

"आन् तू गप बसलास. सोलापूर येईस्तोवर तिकिटं फाडत बसलास."

"व्हय."

"मी पोचलो तवा मिट्टी देऊन लोक परतले हुते. मला बापाचं तोंड दिसलं न्हाय."

"ठाव हाय मला."

"का न्हाय सांगितलंस?"

"ड्रायव्हरला बातमी डेपोत सांगायची, स्टिअरिंगवर न्हाय. नेमच हुता की आपला." हिंदुरावनं हात पुन्हा धोतराला पुसले. "गाडीत माणसं हुती. आन् तू हुतास."

हा राग लालसाबनं आयुष्यभर जपून ठेवला होता, इतका जपून की तो कुणावर आहे हेही कधी नीट ठरवलं नव्हतं. त्याला गौस हवा होता. मनापासून हवा होता. आज मुलाचा खांदा आपल्या खांद्याला लागावा, एवढ्यासाठीच त्यानं मौलानांचं ऐकलं नव्हतं, बर्फ आणला होता. आणि कमरबीला जमिनीवर ठेवून आपण पोराला त्या काचेवरून ओढतोय, हे त्याला कट्ट्यावर बसल्या बसल्या लख्ख कळलं.

तो आत गेला. खोलीच्या मध्ये उभं राहून त्यानं हात वर केला.

"मी आता गौसला फोन लावणार हाय. तो बंद होईपर्यंत कुणी रडायचं न्हाय. आवाज करायचा न्हाय."

बायांना काही कळेना. गुलनाजला कळलं. तिनं बापाकडं एकवार पाहिलं आणि मग एकेकीच्या खांद्याला हात लावत फिरली. कुणी पदर तोंडात कोंबला, कुणी मान खाली घातली. लहान पोरांना मागच्या दारानं बाहेर काढलं. मय्यतीचं घर इतकं गप्प झालं, की परातीतल्या बर्फाचं पाणी टपकताना ऐकू येऊ लागलं. शाकीरनं परातीखाली फडकं सारलं.

"गौस, गाडी चालू हाय का?"

"हळूहळू चाललीय. अब्बा, सकाळचं विमान..."

"बाजूला घे."

"अब्बा, इथं..."

"बाजूला घे म्हणतो की! मी सांगतो ते गाडी उभी करून ऐक."

इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. थोड्या वेळानं तीही थांबली.

"घेतली. सांगा."

लालसाबनं चादरीकडं पाठ केली. तोंडासमोर ती दिसत असताना हे बोलणं जमलं नसतं.

"मिट्टी झाली, बेटा."

लालसाबनं फोन कानावर आणखी घट्ट दाबला.

"सगळे म्हणाले, थांबू नये. मौलानांनीपण सांगितलं. दुपारच्या नमाजाबरोबर जनाजा झाला. आत्ताच आलो कब्रस्तानातनं. आता तू येऊन काय करणार? माघारी जा. न्हाय जमत तर तितंच कुटं थांब. आयतला बाप पायजे."

एवढं बोलून झालं आणि गल्लीच्या टोकाच्या मशिदीचा भोंगा खरखरला. दुपारची बांग सुरू झाली.

लालसाब पहाटेपासून उपाशी होता, दिवस कुठवर आलाय याचं त्याला भान नव्हतं. आणि त्या बांगेखाली त्याचा जन्म गेला होता. घरातल्या पंख्याचा आवाज कुणाला वेगळा ऐकू येतो का? फोन कानाला लावून तो मुलाच्या बोलण्याची वाट बघत राहिला. सवयीनं बायांनी डोक्यावर पदर ओढले. गुलनाजनं मात्र दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते.

गौस एक शब्द बोलत नव्हता. लालसाबला वाटलं, रडतोय. रडू दे. बांग पुरी झाली, भोंगा बंद झाला, तेव्हा कुठं पोराचा आवाज आला. तो आता शांत होता.

"अब्बा, अम्मीला खाली कुणी उतरवलं?"

बाईमाणसाला कबरीत उतरवायला तिच्या अगदी जवळचं माणूस लागतं. ते काम पहिलं मुलाचं. गौस पोचला नाही तर ते शाकीरनं करायचं, असं सकाळी बोलून झालं होतं. लालसाबचे गुडघे कधीचे गेलेले. घराची पायरी उतरतानासुद्धा तो दाराची चौकट धरायचा.

"मी," लालसाब म्हणाला. आपण असं का म्हणालो ते त्याला कळलं नाही. "मीच उतरलो."

"तुमच्या गुडघ्यांनी?"

"व्हय."

"बरं केलंत." गौस म्हणाला. "दुसरं कुणी नको होतं. मी थांबतो मग. पुढं ट्रकवाल्यांची थांबायची जागा आहे. माझ्या फोनची बॅटरी संपत आलीय. तुम्ही काहीतरी खाऊन घ्या."

फोन बंद झाला आणि कोंडलेलं रडणं सगळीकडून एकदम फुटलं. लालसाब भिंतीला टेकला. जमलं होतं.

"अब्बा," गुलनाज जवळ येऊन हळूच म्हणाली, "बांग चालू हुती."

"मग?"

"तुमी म्हणालात, दुपारच्या नमाजाबरोबर मिट्टी दिली. आन् बांग आत्ता झाली. त्यानं सगळी ऐकली. बांग चालू असताना बोलायचं न्हाय, अम्मीनं शिकवलं हुतं त्याला. म्हणून गप हुता."

लालसाबनं हातातल्या फोनकडं पाहिलं. "दुसऱ्या कुठल्या मशिदीची वाटली असंल," तो म्हणाला, पण ते त्यालाही खरं वाटलं नाही. लहानपणभर ज्या भोंग्याखाली पोरगं गोट्या खेळलं, त्या बांगेचा आवाज ते ओळखणार नाही होय?

"पण थांबतो म्हणाला की."

"तुमी म्हणालात मिट्टी झाली, तसं तो म्हणाला थांबतो."

शाकीरनं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. गुलनाज चादरीशेजारी बसली आणि आईच्या चेहऱ्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "व्हिडिओवर तोंड तरी दाखवता आलं असतं त्याला. आता मिट्टी झाली म्हटल्यावर तेबी मागता आलं न्हाय भाईला."

हे शब्द लालसाबला जिव्हारी लागले. आपल्या बापाचं तोंड न दिसल्याचं दुःख त्यानं जन्मभर वागवलं आणि आज तेच स्वतःच्या हातानं पोराच्या पदरात टाकलं. त्याला ओरडून रडावंसं वाटलं, पण रडायलाही वेळ नव्हता. बोललो ते बोललो. आता ते खोटं ठेवून चालणार नव्हतं.

"बर्फ उचला," तो म्हणाला. "आंघोळ घालायला घ्या. असरच्या नमाजाला जनाजा निघंल."

जनाजा निघाला तेव्हा ऊन कललं होतं. हिंदुराव पहिल्यापासून खांदा देत आला आणि कुणी बदलायला आलं तर मानेनंच नको म्हणाला. शाकीर वाटेत सारखा फोन लावून बघत होता. लालसाबनं दोनदा त्याच्याकडं पाहिलं, मग बघायचं सोडून दिलं. त्याच्या डोळ्यांपुढं एक गाडी होती आणि ती अंधारात, काचेवरून, गोल फिरत होती.

कब्रस्तानात नमाज झाली. चौघांनी कबरीवर आडोशाला चादर धरली. शाकीरनं पायजमा वर दुमडला आणि खाली उतरायला वाकला, तेव्हा लालसाबनं त्याच्या दंडाला धरलं.

"सर. मी उतरतो."

"अब्बा, तुमाला जमणार न्हाय."

"तू पायाकडं थांब. डोक्याकडं मी."

भावकीतला एक म्हातारा पुढं आला. "शौहरनं उतरू नये, लालसाब. मौतीबरोबर नातं संपतं. परका झालास तू."

लालसाबनं मौलानांकडं पाहिलं. मौलाना तरुण होते, पण ठाम होते. "तसं काही नाही," ते म्हणाले. "लोकांनी आपलं आपण ठरवलंय. उतरू द्या त्यांना."

तो काठावर बसला, पाय आत सोडले आणि घसरत खाली गेला. गुडघ्यांतून कळ निघून पार कमरेपर्यंत आली. आत ओल्या मातीचा गारवा होता. वरून तिला खाली दिलं, तसं त्यानं दोन्ही हात पसरून तिला घेतलं. ती हलकी नव्हती. कफनातूनही गार लागत होती, सकाळच्या बर्फानं. शाकीरनं पाय टेकवले, त्यानं डोकं टेकवलं. मग तिला उजव्या कुशीवर जरा कलतं करून तोंड पश्चिमेकडं केलं आणि कफनाच्या गाठी सोडायला घेतल्या. पायाकडची शाकीरची सुटली. डोक्याकडची त्याची सुटेना. बायांनी घट्ट मारली होती.

"मी सोडू का?" शाकीरनं विचारलं.

"नको. त्याला सांगितलंय मी."

वर उभ्या असलेल्यांना याचा अर्थ लागला नाही. शेवटी गाठ सुटली. लालसाब तिच्या कानाशी वाकला आणि काहीतरी बोलला. ते काय होतं, हे शाकीरनं पुढं गुलनाजलाही सांगितलं नाही.

वर यायला त्याला दोघांची मदत लागली. हिंदुरावनं एक हात धरला होता आणि तो वर आल्यावरही सोडला नाही. फळ्या बसल्या, लोकांनी मूठ मूठ माती टाकली. लालसाबनं आपल्या तीन मुठी टाकल्या, मग पुन्हा वाकून आणखी तीन टाकल्या. त्या गौसच्या होत्या, हे सांगायची गरज पडली नाही.

घरी परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. गुलनाजनं हातपाय धुवायला पाणी दिलं, पण लालसाब तसाच कट्ट्यावर बसला. बाह्यांवर, गुडघ्यांवर माती होती. तिकडं आता उजाडलं असेल, असं शाकीर म्हणाला. हिंदुराव घरी जायचं नाव काढत नव्हता. शेजारच्या बाईनं आणून दिलेला चहा दोघांच्या मध्ये निवत पडला होता. सगळे एकाच गोष्टीचा विचार करत होते.

फोन वाजला तेव्हा गुलनाज आतून धावत आली. नंबर ओळखीचा नव्हता. तिनं तो कानाला लावला, ऐकलं आणि खाली बसून बापापुढं धरला.

"अब्बा, गौस. एका ट्रकवाल्याचा फोन आहे हा. माझा बंद पडला होता."

"कुटं हायस?" लालसाबनं विचारलं.

"तिथंच. दुपारी सांगितलं ना, थांबायची जागा आहे म्हणून. रात्रभर गाडीतच बसलो होतो. आता रस्त्यावर मीठ टाकतायत. मोकळा झाला की घरी जाईन, आयतकडं."

लालसाबनं डोळे मिटले. हिंदुरावनं त्याच्या चेहऱ्याकडं बघून उपरण्यानं आपलं तोंड पुसून घेतलं.

मग गौसनं विचारलं. हळू आवाजात, अगदी साधं विचारलं.

"अब्बा, झाली का मिट्टी?"

लालसाबनं मातीनं भरलेला हात गुडघ्यावर ठेवला.

"झाली, बेटा," तो म्हणाला. "आत्ताच आलो."